आदिमानवाच्या साहसकथांचा कट्टा: मुंबईत पहिल्यांदाच जमवणाऱ्यांसाठी

दगडी कुऱ्हाड, गुहेच्या तोंडाशी पेटलेली आग, झाडीतून चमकणारे डोळे आणि शेवटी ‘क्रमशः’. शंभर वर्षांपूर्वीच्या स्वस्त अमेरिकी मासिकांतल्या आदिमानवी साहसकथा थोडक्यात सांगायच्या तर एवढ्याच. एकट्याने वाचायला बसलात तर तिसऱ्या-चौथ्या प्रकरणाशी जांभई येते, कारण नायक पुन्हा पकडला जातो आणि पुन्हा सुटतो. चार जणांत वाचल्या तर मात्र भांडायला इतकं मिळतं की चहा गार होतो. म्हणून हा लेख वाचनाइतकाच जमवाजमवीबद्दल आहे.

१. आधी माल ओळखा

पल्प मासिकं म्हणजे लाकडाच्या लगद्याच्या खरखरीत, लवकर पिवळ्या पडणाऱ्या कागदावर छापलेली मासिकं. फ्रँक मन्सीने १८९६ साली ‘आर्गसी’ हे मासिक निव्वळ कथा-कादंबऱ्यांनी भरून या कागदावर काढलं, आणि पुढची पन्नासेक वर्षं अमेरिकेत अशा मासिकांचं पीक आलं. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांची झुंजारची पुस्तकं ज्या भुकेने वाचली जायची, तीच भूक तिकडेही होती. मानधन शब्दांवर मिळायचं, त्यामुळे काही लेखक शब्द सांडतात. ते चालवून घ्यायचं.

आदिमानवी कथांचे ढोबळ दोन प्रकार. एकात सगळी पात्रं त्याच काळातली असतात: जॅक लंडनची ‘बिफोर ॲडम’ (पुस्तकरूपात १९०७), रॉबर्ट हॉवर्डची ‘स्पिअर अँड फँग’ (१९२५). दुसऱ्यात आजचा माणूस बंदूक आणि नोंदवही घेऊन त्या काळात जाऊन पडतो: आर्थर कॉनन डॉइलची ‘द लॉस्ट वर्ल्ड’ (१९१२), टारझनकार एडगर राइस बरोजच्या ‘ॲट द अर्थ्स कोअर’ (१९१४) आणि ‘द लँड दॅट टाइम फर्गॉट’ (१९१८). डॉइलची कादंबरी ‘स्ट्रँड’ या चांगल्या कागदाच्या, प्रतिष्ठित ब्रिटिश मासिकात आली होती, म्हणजे काटेकोर बोलायचं तर ती पल्प नव्हेच. पण तिला वगळून हा विषय पुढे सरकत नाही, तेव्हा कागदाचा वाद घालणाऱ्याला एक वडापाव देऊन गप्प बसवा.

२. पहिल्या बैठकीला छोटी कथा

नव्या लोकांना पहिल्याच दिवशी बरोजची सात पुस्तकांची पेलुसिडार मालिका दाखवली की दुसऱ्या बैठकीला कोणी येत नाही. ‘स्पिअर अँड फँग’ घ्या. अर्ध्या तासात वाचून होते. जुलै १९२५च्या ‘वीअर्ड टेल्स’मध्ये ती छापून आली. हॉवर्डची विकली गेलेली ही पहिली कथा. विकली तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि मिळाले १६ डॉलर.

कथेची सुरुवात सावकाश, मोठ्याने वाचा. अ-एआ नावाची मुलगी गुहेच्या तोंडाशी दबून बसली आहे आणि आत गा-नोर भिंतीवर चित्र काढतो आहे. भिंतीच्या खोबणीत मशाल खोचलेली. आधी गारगोटीने बाह्यरेषा कोरायची, मग गेरूत बुडवलेल्या काडीने रंग भरायचा. मुलगी त्याच्याकडे बघते आहे आणि त्याचं लक्षच नाही. मारामारीच्या कथेचं पहिलं पान असं चित्रकाराला का दिलं असेल, हा पहिला प्रश्न टाका आणि गप्प बसा. कोणीतरी बोलेलच: पुढे जो निअँडरथल (माणसाच्या नामशेष झालेल्या जातीतला) येतो तो केसाळ, वाकडा आणि चित्र न काढणारा आहे. म्हणजे माणूस कोण आणि पशू कोण हे लेखकाने भाल्याच्या आधी काडीने ठरवून टाकलं. भाला नंतर येतो.

इथे थोडी माहिती हाताशी असू द्या. स्पेनमधल्या आल्तामिरा गुहेतली चित्रं १८७९ साली नजरेस पडली, पण ती खरोखर अश्मयुगीन आहेत हे तज्ज्ञांनी मान्य करायला १९०२ उजाडलं. हॉवर्डसाठी ही त्याच्या आयुष्याच्या आगेमागेचीच गोष्ट. आणि भीमबेटकाचे चित्रित शैलाश्रय वि. श्री. वाकणकरांनी १९५७ साली जगापुढे आणले, हे आपल्या कट्ट्यावर कोणी ना कोणी सांगतंच. सांगू द्या, तिथून गप्पा चांगल्या रंगतात.

इंग्रजीचा धाक असलेले दोन-तीन जण प्रत्येक गटात असतात. त्यांच्यासाठी राहुल सांकृत्यायनांच्या ‘व्होल्गा ते गंगा’मधली पहिली कथा, ‘निशा’, मराठी अनुवादात घ्या. ती पल्प नाही. १९४२ साली हजारीबागच्या तुरुंगात बसून लिहिलेल्या वीस कथांपैकी ती पहिली, काळ इसवी सनापूर्वी ६०००. पण बर्फ, लांडगे आणि अस्वलाच्या गुहेत घुसून केलेली शिकार पाहिली तर साहसकथेचा सगळा ऐवज तिच्यात आहे. शिवाय पुढे, सहाव्या पायरीवर, ती फार उपयोगी पडते.

३. पुस्तकं मिळवणं

इथे खर्च जवळजवळ नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो. लंडन १९१६, डॉइल १९३०, हॉवर्ड १९३६ आणि बरोज १९५० साली वारले, म्हणजे आपल्या यादीतलं मूळ इंग्रजी लेखन सगळं मोकळं आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर बहुतेक मजकूर फुकट मिळतो, फोनवर उतरवून घ्या. लिब्रिव्हॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली ध्वनिपुस्तकं आहेत. विरार लोकलमध्ये उभ्याने प्रवास करणाऱ्याला पुस्तक उघडता येत नाही, पण कानात डायनोसॉर घालता येतात. इंटरनेट आर्काइव्हवर जुन्या पल्प अंकांची स्कॅन केलेली पानं मिळतात. एकदा तरी ती पाहाच, कारण दम्याच्या औषधाच्या आणि घरबसल्या इंजिनीअर व्हायच्या जाहिरातींच्या शेजारी कथा बघितली की ती कोणासाठी लिहिली होती हे कळतं.

कोणाला एखादी कथा मराठीत आणायची हौस असेल तर मोकळ्या मजकुराचा अनुवाद बिनधास्त करावा. मात्र दुसऱ्याने केलेल्या अनुवादाचा हक्क वेगळा असतो. मूळ लेखन मोकळं झालं म्हणून कोणाचंही मराठी पुस्तक फोटो काढून ग्रुपवर टाकू नका.

छापील प्रत हवीच असेल तर फ्लोरा फाउंटन ते चर्चगेट पट्ट्यातले आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळचे फुटपाथवरचे पुस्तकवाले. इथे नाव सांगून पुस्तक मागू नका. ‘जुनं साहस, सायन्स फिक्शन, टारझनवाला लेखक’ असं मोघम विचारा आणि ढीग स्वतः उपसा. उत्सुकता दाखवलीत की भाव चढतो. ऑनलाइन दुकानांतल्या बेनामी पुनर्मुद्रणांपासून जपून राहा: मुखपृष्ठावर झकास डायनोसॉर आणि आत परिच्छेद गायब, असा प्रकार त्यांत बराच चालतो. विकत घेण्याआधी नमुना पानं उघडून बघावीत.

४. जागा आणि वार

सहा ते आठ माणसं पुरे. दहाच्या वर गेलात की दोन जण भाषण देतात आणि बाकीचे व्हॉट्सॲप बघतात.

दादर सोयीचं, कारण पश्चिम आणि मध्य रेल्वेवाले दोघेही कुरकुर न करता येतात. शिवाजी पार्कचा कट्टा फुकट आहे, पण संध्याकाळी तिथे स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे सकाळची वेळ घ्या. पावसाळ्यात छप्पर लागतं. आपल्या भागातल्या वाचनालयात जाऊन ग्रंथपालांना भेटा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय त्याहून जुनं, १८९३चं. पार्ल्याला लोकमान्य सेवा संघ आहे. अशा संस्थांना तरुण वाचक हवेच असतात, मात्र खोली मागताना ‘आम्ही नियमित येऊ’ असं सांगायचं आणि खरंच यायचं. सभासद होऊन वर्गणी भरलीत तर विचारपूस निम्म्याने कमी होते. सोसायटीचं सभागृह हा शेवटचा पर्याय: तिथे बैठक सुरू झाली की कोणीतरी पार्किंगचा विषय काढतो.

रविवार ठरवलात तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघून वेळ कळवा. हे काम एकाच माणसाकडे द्या, नाहीतर ग्रुपवर पन्नास निरोप येतात आणि ठरत काहीच नाही.

५. हप्त्याहप्त्याने वाचा

हीच या लेखातली मुख्य गोष्ट, बाकी सगळं इकडेतिकडे झालं तरी चालेल. ही लेखनजात एका दमात वाचण्यासाठी लिहिलेली नाही. ‘ॲट द अर्थ्स कोअर’ एप्रिल १९१४मध्ये ‘ऑल-स्टोरी वीकली’त चार हप्त्यांत आली. वाचक आठवडाभर लटकून राहायचा, ऑफिसात तर्क लढवायचा, मग पुढचा अंक. आपण तिचं सलग पुस्तक करून वाचतो आणि ‘सारखं तेच तेच होतंय’ म्हणतो. दर आठवड्याला एकदा पकडला जाणारा नायक आणि एका रात्रीत चार वेळा पकडला जाणारा नायक यांत फरक पडणारच.

तेव्हा कादंबरीचे चार ढोबळ तुकडे करा, दर आठवड्याला एक. नियम एकच: जो पुढे वाचून आला त्याने तोंड बंद ठेवायचं. प्रत्येक बैठकीच्या शेवटी पाच मिनिटं फक्त पुढे काय होईल यावर पैजा लावा. चहाच्या पैजा पुरतात.

एक नमुना देतो. डेव्हिड इनेस आणि म्हातारा संशोधक ॲबनर पेरी जमीन पोखरणाऱ्या प्रचंड यंत्रात बसतात, यंत्र वळत नाही, आणि पाचशे मैल खाली गेल्यावर ते पृथ्वीच्या पोकळीतल्या पेलुसिडार नावाच्या जगात बाहेर पडतात. तिथला सूर्य आकाशाच्या मधोमध टांगलेला. मावळतच नाही. रात्र नाही, म्हणून दिवस नाही, म्हणून काळ मोजायला काहीच नाही. पुढे दोघांची ताटातूट होऊन पुन्हा भेट होते तेव्हा एकाला वाटतं कितीतरी काळ लोटला, दुसऱ्याला वाटतं हा तर आत्ताच गेला होता. भरपूर पाठलाग-मारामाऱ्यांच्या मध्ये बरोज ही कल्पना सहज टाकून जातो. सलग वाचताना ती निसटते. हप्ता तिथे तोडलात तर पुढचा तासभर त्याच एका गोष्टीवर जातो. मग भूक लागली की जेवायचं आणि झोप आली की झोपायचं, एवढ्यावर माणूस किती दिवस तगेल? नाइट शिफ्टवाला एखादा गटात असेल तर त्याला आधी बोलू द्या.

याच कादंबरीतले राज्यकर्ते, महार नावाचे उडते सरपटणारे प्राणी, हे नाव मराठी कानाला चांगलंच खटकेल. बरोजने ते आपल्याकडून घेतल्याचा काही पुरावा नाही. पहिल्याच बैठकीत हे स्पष्ट सांगून टाका, म्हणजे नंतर कुजबुज नको.

‘द लँड दॅट टाइम फर्गॉट’ तीन भागांची आहे, ती तीन महिन्यांना पुरते. पहिल्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी, ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर थर्मासमध्ये सापडलेलं हस्तलिखित आणि कॅप्रोना नावाचं बेट. दक्षिणेकडून उत्तरेकडे जावं तसतशी तिथली माणसं जास्त ‘प्रगत’ होत जातात. खरी गंमत ही की उत्क्रांती तिथे पिढ्यांनुसार होत नाही, एकाच जन्मात होते. वानरसदृश अवस्थेतला जीव चालत चालत वरच्या टोळीत जातो. माझ्या मते बरोजची सगळ्यात धीट कल्पना हीच. पेलुसिडार गाजलं जास्त, पण एवढं पुढे गेलं नाही.

६. चुकांची वही, आणि खटकणाऱ्या जागा

एकाला वही सांभाळायला द्या. कथेत विज्ञानाचं काही आलं की तीन रकान्यांपैकी एकात नोंद: तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं, माहीत होतं पण लेखकाला नव्हतं, लेखकाला माहीत असून त्याने सोडून दिलं. या तिसऱ्या रकान्यामुळेच वादाला रंग चढतो. शेवटचे डायनोसॉर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गेले आणि आपली जात जेमतेम तीन लाख वर्षांची, हे अंतर लेखकांना ठाऊक नव्हतं असं नाही. आकडे तेव्हा इतके नेमके नव्हते, पण मध्ये प्रचंड काळ गेला हे शाळेत शिकवलं जात होतं. म्हणून तर पठार, बेट किंवा पाताळ अशी अडवून ठेवलेली जागा शोधावी लागली.

निअँडरथलचं प्रकरण पहिल्या रकान्यातलं. १९०८ साली फ्रान्समध्ये ला शापेल-ओ-सँ इथे एका वृद्धाचा सांगाडा सापडला. मार्सेलँ बूल या नामवंत शास्त्रज्ञाने त्यावरून पोक काढून, गुडघे वाकवून चालणारा प्राणी उभा केला आणि तेच चित्र वर्तमानपत्रांतून कथांत उतरलं. त्या म्हाताऱ्याला संधिवात होता, हे १९५७च्या फेरतपासणीने ठळकपणे पुढे आणलं. २०१० साली निअँडरथलचा जनुकीय आराखडा आला आणि आफ्रिकेबाहेरच्या माणसांत त्याचा एक-दोन टक्के वारसा आहे हे उघड झालं. हॉवर्डच्या कथेतला तो केसाळ खलनायक कट्ट्यावर बसलेल्या प्रत्येकाचा लांबचा आजोबा निघाला. ही माहिती कथा वाचून झाल्यावरच सांगा, आधी सांगितलीत तर सगळे नैतिक होऊन बसतात.

डॉइलची कादंबरी आली त्याच १९१२ साली इंग्लंडमध्ये पिल्टडाउन मानवाची घोषणा झाली: माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा. तो बनाव होता हे १९५३ साली सिद्ध झालं. म्हणजे तज्ज्ञ एकेचाळीस वर्षं फसले. कथालेखकांना हसण्याआधी ही नोंद वहीत आठवणीने घाला.

आता खटकणाऱ्या जागा. त्या भरपूर आहेत. ‘द लॉस्ट वर्ल्ड’मधल्या पठारावर वानरमानवांची कत्तल होते आणि मोहिमेचे नेते प्रोफेसर चॅलेंजर तिला मानवजातीचा विजय समजून खूश होतात. ‘वरची’ आणि ‘खालची’ वंशांची उतरंड बरोज-हॉवर्ड दोघांतही उघड आहे, आणि बायका बहुधा पळवल्या जाण्यासाठी आणि सोडवल्या जाण्यासाठी. ‘त्या काळात असंच होतं’ म्हणून झाकू नका आणि पुस्तक फेकूनही देऊ नका. वाक्य दाखवून बोला. ‘हा वंशवादी आहे’ असं कोणी म्हणालं की ‘कुठल्या पानावर?’ हा प्रश्न. पान काढलं की चर्चा आपोआप ताळ्यावर येते.

इथे ‘निशा’ बाहेर काढा. तिच्यात टोळीची प्रमुख आई आहे, शिकारीत पुढे तीच, आणि सत्तेसाठी झगडा आई-मुलीत. पेलुसिडारची नायिका डायन हिच्याशेजारी ही निशा ठेवली की दोन्ही लेखक आपापल्या विचारांचा चष्मा लावून गुहेत शिरले होते हे दिसतं. मातृसत्ता ही सगळीकडची पहिली पायरी होती, हे आजचे अभ्यासक सरसकट मान्य करत नाहीत. तेव्हा सांकृत्यायनांचीही नोंद वहीत होऊ द्या. आपला म्हणून सूट नाही.

७. एकदा बाहेर पडा

मुंबईकराला वाटतं प्राचीन काळ दुसरीकडे कुठेतरी आहे. कांदिवलीला टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याला दगडी हत्यारं सापडली आणि १९३०च्या दशकात त्याने त्यावर लेख लिहिले. वरळीच्या टेकडीतल्या, लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळाच्या खडकात इवल्याशा बेडकांचे जीवाश्म मिळाले, १८४७ साली रिचर्ड ओवेनने त्यांचं वर्णन केलं. ‘डायनोसॉर’ या गटाला नाव देणारा तोच ओवेन. या दोन्ही जागी आज इमारती आहेत, बघायला काही नाही. पण कांदिवलीच्या सभासदाला हे सांगून त्याचा चेहरा बघा.

प्रत्यक्ष बघायला अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना फुटून झालेले बेसॉल्टचे उभे खांब, जवळपास दोनशे फूट उंच. वर गावदेवीचं मंदिर आहे, पायऱ्या आहेत. सकाळी लवकर जा, पाण्याची बाटली घ्या, मंदिराच्या आवारात मोठमोठ्याने वाचन करू नका. चॅलेंजरची मंडळी पठाराच्या उभ्या कड्याखाली पहिल्यांदा उभी राहतात तेवढीच पानं पायथ्याशी वाचायची. खांब समोर असताना ती पानं वेगळी लागतात. पायऱ्या न झेपणाऱ्यांसाठी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं प्रागैतिहासिक दालन. तिथली बैठक मात्र कुजबुजत्या आवाजात करावी लागते.

८. दुसरी फेरी

चार-पाच महिन्यांत गटातले निम्मे गळतात, उरलेले पक्के. त्यांच्यासाठी व्लादिमीर ओब्रुचेवची ‘प्लुटोनिया’ ठेवा. १९१५मध्ये लिहिलेली, १९२४मध्ये छापलेली. ओब्रुचेव स्वतः भूवैज्ञानिक. ज्यूल व्हर्नच्या पाताळप्रवासातल्या भूशास्त्रीय चुका सहन न होऊन तो लिहायला बसला. त्याची पात्रं पृथ्वीच्या पोटात जितकी पुढे जातात तितका काळ मागे जातो: आधी मॅमथ, मग त्याहून जुने सस्तन प्राणी, मग डायनोसॉर. कथा बरोजच्या मानाने संथ आहे आणि माणसं लाकडी. पण वही सांभाळणाऱ्याला पहिल्यांदाच रकाने रिकामे ठेवावे लागतील. सोव्हिएत पुस्तकं मुंबईत एकेकाळी कवडीमोलाने विकली गेली, तेव्हा मॉस्कोत छापलेली इंग्रजी प्रत फुटपाथवर हाती लागू शकते. व्हर्नची पाताळाची सफर मराठीत वाचलेला एक जण आणि न वाचलेला एक जण अशा जोड्या करून प्लुटोनिया द्या, आणि पहिल्या हप्त्याची तारीख दिवाळी अंकांच्या गर्दीनंतरची ठेवा, त्या महिन्यात दुसरं काही कोणी वाचत नाही.